जैवसर्फॅक्टंटच्या कामाची सुरुवात फेसापासून करा

सूक्ष्मजीवांकडून सर्फॅक्टंट (पाण्याचा पृष्ठताण कमी करणारा, साबणासारखा पदार्थ) बनवून घेण्याच्या कामात येणारे नवे लोक बहुधा पहिल्यांदा विचारतात, "सगळ्यात जास्त माल देणारा स्ट्रेन (सूक्ष्मजीवाचा वाण) कोणता?" माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: फेस कसा आवरणार, आणि माल ब्रॉथमधून (सूक्ष्मजीव ज्यात वाढवतो त्या द्रवातून) बाहेर कसा काढणार.

इतर फर्मेंटेशनमध्ये फेस आला की अँटिफोम (फेस मोडणारं द्रव्य) टाकायचं आणि पुढे जायचं. इथे मात्र फेस करणारा पदार्थ हाच आपला माल. ऱ्हॅम्नोलिपिड किंवा सर्फॅक्टिन या जिवाणूंनी बनवलेल्या सर्फॅक्टंटच्या बॅचमध्ये हवा वाढवली की फेस वर चढतो, एक्झॉस्ट फिल्टर भिजतो, पेशीही फेसाबरोबर निघून जातात. हवा कमी करावी, तर ऑक्सिजन पुरत नाही. सिलिकोनचं अँटिफोम भरपूर ओतलं, तर शुद्धीकरणात त्याचा पिच्छा सुटत नाही. म्हणून सर्फॅक्टिनसाठी अनेकदा फेस मुद्दाम बाहेर घेऊन मोडतात. त्यात सर्फॅक्टिन ब्रॉथपेक्षा कितीतरी दाट असतं. फ्लास्कमध्ये यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यामुळे संधी मिळेल तेव्हा चालू फर्मेंटरपाशी जाऊन उभे राहा.

शिकायला यीस्टकडून मिळणारं सर्फॅक्टंट, सोफोरोलिपिड, मला सर्वांत चांगलं वाटतं. स्टार्मेरेला बॉम्बिकोला हे यीस्ट ग्लुकोज आणि तेलावर लिटरला 100 ग्रॅमहून जास्त माल देऊ शकतं, फेस कमी करतं, आणि मालाचा वेगळा थर होतो. ऱ्हॅम्नोलिपिडचा नेहमीचा जिवाणू, स्यूडोमोनास एरुजिनोसा, संधिसाधू रोगजंतू आहे. म्हणून त्याची जनुकं स्यूडोमोनास पुटिडासारख्या निरुपद्रवी जिवाणूत घालण्यावर इतकं काम झालं. ऱ्हॅम्नोलिपिडचा मोठा कारखाना आज प्रत्यक्षात आहे: एव्होनिक या जर्मन रसायन कंपनीने जानेवारी 2024 मध्ये स्लोवाकियात सुरू केला.

मोजमापाबद्दल मी आग्रही आहे. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन. सर्फॅक्टिन तो 27 पर्यंत आणतं. पण मायसेल (सर्फॅक्टंटच्या रेणूंचे पुंजके) बनू लागले की आकडा तिथेच थांबतो, माल दहापट झाला तरी. ऑर्सिनॉल चाचणी साखर मोजते, म्हणजे उरलेलं ग्लुकोजही ऱ्हॅम्नोलिपिड म्हणून खपून जातं. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याचं तंत्र) लवकर शिका.

आणि प्रत्येक बॅचचा ताळेबंद मांडा: किती साखर-तेल घातलं, ब्रॉथमध्ये किती माल झाला, पेशी काढल्यावर, आम्लाने साका बसवल्यावर आणि वाळवल्यावर किती उरला. पुढची सुधारणा कुठे करायची ते त्या तक्त्यातून ठरवा.