बातमी आणि सही यांच्यामधले दिवस: नियोजन विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

व्यवस्थापनाचे शिक्षण संपवून मी चाकणमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत उत्पादन नियोजनात रुजू झाले, तेव्हा व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड टीस यांची मांडणी मला तोंडपाठ होती: बदल हेरावा, संधी साधावी आणि त्यानुसार संस्थेची घडी बदलावी. तुम्हालाही ती पाठ असेलच, त्यामुळे तिच्यावर वेळ घालवत नाही. मी नेमकी कुठे फसले, हे मात्र सविस्तर सांगते, कारण तिथेच फसलेले बरेच जण मी नंतर पाहिले आहेत.

माझ्याकडे 'ॲजाइल', म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करून बदलांना चटकन प्रतिसाद देण्याची पद्धत आणण्याचे काम आले. रोज सकाळी पंधरा मिनिटांची उभ्याने बैठक, भिंतीवर फळा, त्यावर रंगीत चिठ्ठ्या, हे सारे मी दीड महिन्यात बसवले आणि वरिष्ठही समाधानी होते. मग एका ग्राहकाने ब्रॅकेटच्या एका भोकाचा व्यास बदलून ड्रॉइंगची नवी रिव्हिजन पाठवली. ती त्याच दिवशी फळ्यावर चढली. फिक्स्चरमधील, म्हणजे काम करताना भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनातील, बदलाचा खर्च होता अठरा हजार रुपये, त्यासाठी प्लँट हेडची सही हवी होती आणि ते दौऱ्यावर होते. तो कागद प्लास्टिकच्या निळ्या ट्रेमध्ये अकरा दिवस पडून राहिला. दरम्यान जुन्याच मापाचा संपूर्ण लॉट तयार होऊन गेला, ग्राहकाने तो परत पाठवला आणि पुढची ऑर्डर दुसऱ्या पुरवठादाराकडे गेली. त्या अकरा दिवसांत आमची सकाळची बैठक एकदाही चुकली नव्हती, ही गोष्ट मला आजही बोचते.

चूक अशी झाली, की कामाची लगबग मी मोजत होते, पण बातमी हाती आल्यापासून निर्णय होईपर्यंत किती दिवस जातात, हे मोजतच नव्हते. प्रतिस्पर्ध्याच्या पुढे जाणे किंवा मागे पडणे त्याच दिवसांत ठरते. मोबाइल फोन बनवणाऱ्या नोकिया आणि एरिक्सन यांचे उदाहरण तुम्ही वर्गात ऐकले असेल, पण ते या नजरेने पुन्हा पाहा. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथे या दोघींना चिप पुरवणाऱ्या फिलिप्सच्या कारखान्यात आकाशातल्या विजेमुळे आग लागली. आग काही मिनिटांतच विझली, पण धूर आणि काजळीने चिप बनवण्याच्या धूळमुक्त खोल्या निकामी झाल्या. पुरवठा साधारण आठवडाभर लांबेल, असेच दोन्ही ग्राहकांना आरंभी कळवले गेले. नोकियाच्या खरेदी विभागाने ही बातमी लगेच वर पोहोचवली, त्या सुट्या भागांवर रोज लक्ष ठेवले आणि काही चिप इतर पुरवठादारांना बनवता याव्यात म्हणून त्यांची रचनाही बदलून घेतली. एरिक्सनमध्ये तीच बातमी काही आठवडे खालच्या पातळीवरच राहिली, शिवाय खर्च वाचवण्यासाठी त्यांनी पर्यायी पुरवठादार आधीच कमी केले होते. एरिक्सनचे सुमारे ४० कोटी डॉलरचे नुकसान झाले आणि २००१ मध्ये त्यांचा हँडसेटचा व्यवसाय सोनीबरोबरच्या संयुक्त कंपनीत गेला. त्याला केवळ ही आग कारणीभूत नव्हती, पण तिचा वाटा मोठा होता.

हेही विसरू नका, की पुरवठ्याच्या बाबतीत एवढ्या तत्पर असलेल्या नोकियाला पुढे स्मार्टफोनच्या लाटेत तो वेग राखता आला नाही आणि २०१३ मध्ये तिने आपला फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकण्याचे जाहीर केले. एका विभागातील चपळता साऱ्या कंपनीची मानून चालू नये.

ॲजाइलच्या दोन दिवसांच्या प्रमाणपत्र वर्गाविषयी माझे मत स्पष्ट आहे: नोकरी मिळेपर्यंत त्याचा उपयोग होतो, त्यापुढे फारसा नाही. मार्गदर्शकही उंच पदावरच शोधू नका. परत आलेल्या मालाची खरी कारणे मला डिस्पॅचमधील, म्हणजे माल रवाना करणाऱ्या विभागातील, एका जुन्या सुपरवायझरकाकांनी समजावली. कोणता कागद कोणाच्या टेबलावर अडकतो, हे त्यांना तारखांसह ठाऊक होते.

पहिल्या तीन महिन्यांत एवढेच करा: अलीकडचे पाच-सहा बदल निवडा आणि प्रत्येकासमोर बातमी आल्याची, निर्णयाची आणि अंमलबजावणीची तारीख लिहा. पहिल्या दोन तारखांमधले अंतर पाहून तुम्ही खचाल. मीही खचले होते. पण ती वही हाती असली, की वरिष्ठांशी बोलताना वाद मतांचा राहत नाही. मात्र तिच्यात व्यक्तींची नावे लिहू नका, फक्त टप्पे लिहा. मी पहिल्या वेळी नावे लिहिली, तेव्हा दोन विभागांनी माझ्याशी बोलणेच थांबवले. पंचवीस हजार रुपयांपर्यंतचा फिक्स्चर-खर्च शिफ्ट इंजिनिअरने मंजूर करावा, ही परवानगी मिळायला त्यानंतर आठ महिने लागले. त्या मुदतीत तुमच्या हातून काहीच घडत नाही असे वाटेल, तरी तारखा लिहिणे सोडू नका, कारण अखेरच्या बैठकीत प्लँट हेडनी माझ्याकडून मागून घेतली ती वहीच.