धक्का नाही, जेट्टी नाही: भारती आणि मैत्रीवर सामान कसं उतरतं, नवीन जाणाऱ्यांसाठी

अंटार्क्टिकाच्या मोहिमेत लॉजिस्टिकला निवड झाली की पहिला प्रश्न थंडीचा येतो. थंडीचं काही नाही हो, कपडे मिळतात, जायच्या आधी औलीला बर्फातलं ट्रेनिंगही होतं. काळजी करायची ती सामानाची, कारण मैत्री आणि भारती या आपल्या दोन्ही स्टेशनांना बंदर असं नाहीच. अमेरिकन लोक त्यांच्या मॅकमर्डो स्टेशनला अनेक वर्षं पाण्याचे थर गोठवून बर्फाचाच तरंगता धक्का करायचे, वर खडी पसरून, आणि ब्रिटिशांचा रोथेरा स्टेशनला पक्का धक्का आहे. आपल्याकडे जहाज जिथं थांबेल तेच बंदर.

मैत्री १९८९ पासून शिरमाखर ओएसिसमध्ये, म्हणजे बर्फ नसलेल्या खडकाळ भागात आहे, किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर आत. जहाज आइस शेल्फच्या, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रावर तरंगत पसरलेल्या जाड बर्फाच्या, कडेला लागतं, सामान क्रेननं शेल्फवर येतं आणि पुढे पिस्टन बुली या बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाडीच्या मागे स्लेज जोडून काफिला निघतो. भारतीचं वेगळं, ती लार्समन हिल्सला अगदी किनाऱ्यावर आहे, २०१२ पासून. ते स्टेशनच मुळात १३४ शिपिंग कंटेनर जोडून उभं केलंय, आणि ते एवढे सगळे धक्का नसताना किनाऱ्यावर आणले, हे आठवलं की मला अजून आदर वाटतो त्या लोकांबद्दल.

भारतीसमोर फास्ट आइस म्हणजे किनाऱ्याला चिकटलेला समुद्राचा बर्फ असतो. तो किती जाड आहे ते ड्रिल मारून बघायचं, एकदा नाही, ठरावीक अंतरावर परत परत, आणि मगच झेंडे लावून रस्ता ठरवायचा. सकाळी चांगला असलेला बर्फ दुपारच्या उन्हात वरून लापशीसारखा होतो, त्यामुळे कालचं माप आज धरायचं नाही. बर्फ साथ देत नसेल तर हेलिकॉप्टर, खाली हुकाला नेट लटकवून.

ते हुकाचं काम नीट समजून घ्या. वर पंखे फिरतात तेव्हा हुकात स्टॅटिक करंट साठतो, म्हणून आधी अर्थिंगच्या दांड्यानं हुक टेकवायचा आणि मगच हात लावायचा, कितीही घाई असली तरी. पंख्याच्या वाऱ्यानं बर्फाचा भुगा तोंडावर येतो, गॉगल लावलेला असला तरी दोनेक सेकंद काही दिसत नाही, तेवढ्यात स्लिंगची, म्हणजे सामान लटकवायच्या दोराची, रिंग बसवून बाजूला व्हायचं. आणि खोक्यावर लिहिलेलं वजन खरं पाहिजे, पॅकिंग धरून, कारण पायलट त्याच्या भरवशावर उचलतो. जड खोक्यांपेक्षा रिकामी पिंपं आणि फोमच्या शीट जास्त त्रास देतात, हलकं सामान हवेत झुलायला लागतं.

माझ्या पहिल्या सीझनला आम्ही लोडिंग करताना सामान जसं आलं तसं होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या गोदामात, भरू दिलं. इंधनाच्या होजचे कपलिंग, म्हणजे पाइप जोडायचे सांधे, रेशनच्या खाली गेले. भारतीसमोर दोन दिवस स्वच्छ हवा मिळाली ती ती खोकी हलवण्यात गेली, आणि कपलिंग हातात आले त्या रात्री ब्लिझार्ड, म्हणजे बर्फाचं वादळ, सुरू झालं. इंधन चार दिवस जहाजातच. स्टेशनचे जनरेटर वर्षभर त्याच इंधनावर चालतात, वीज पण त्याचीच आणि ऊब पण त्याचीच, त्यामुळे ते चार दिवस कोणाला नीट झोप लागली नाही. तेव्हापासून मी यादी उलटी बनवतो, म्हणजे तिकडे पहिल्यांदा काय लागणार ते वर लिहायचं आणि ते सगळ्यात शेवटी चढवायचं.

पॅकिंगचं थोडक्यात. थर्माकोलचे मणी चालत नाहीत, अंटार्क्टिकाच्या पर्यावरणाचा जो माद्रिद प्रोटोकॉल नावाचा करार आहे त्यातच बंदी आहे, माती पण नाही, म्हणून बुटाचे तळवे आणि जॅकेटचं वेल्क्रो व्हॅक्युमनं साफ करून घ्या, बिया तिथंच अडकतात. औषधं आणि लॅबची केमिकल्स, जे गोठून चालणार नाही ते वेगळ्या रंगाच्या पट्टीचं, आणि पट्टी तळ सोडून पाचही बाजूंना, कारण खोकं कुठल्या बाजूनं दिसेल ते आपल्या हातात नसतं. परतीचा कचरा, जुन्या बॅटऱ्या, खराब तेल हे सगळं पण मॅनिफेस्टवर, म्हणजे जहाजाच्या सामानाच्या यादीत, चढवायचं असतं, त्यालाही तेवढाच वेळ धरा.

आणि केप टाउनला लोडिंग चालू असताना खोलीवर बसू नका. होल्डच्या तोंडाशी उभे राहा, कुठला कंटेनर कुठल्या थरात गेला ते पेन्सिलनं वहीत लिहा. पेन्सिलच घ्या, बाहेर बर्फावर पेनची शाई गोठते.