मर्यादित छपाईची टपाल तिकिटे हातची जाऊ नयेत, म्हणून या चुका टाळा

पत्रावर लावण्यासाठी वर्षानुवर्षे मिळणारी नियमित तिकिटे मागणीनुसार पुनःपुन्हा छापली जातात, परंतु एखादी व्यक्ती, संस्था किंवा घटना यांच्या स्मरणार्थ काढलेली स्मारक तिकिटे ठरावीक संख्येने एकदाच छापली जातात आणि साठा संपल्यावर त्यांची पुन्हा छपाई होत नाही. १४ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकर यांचा दोनशेवा कसोटी सामना सुरू झाला, त्या दिवशी त्यांच्यावरील वीस रुपयांची दोन तिकिटे आणि मिनिएचर शीट (तिकिटे असलेला छोटा सजवलेला कागद) प्रकाशित झाली. अशा वेळी संग्राहकांबरोबर क्रिकेटप्रेमीही खिडकीशी येतात आणि साठा भराभर उतरतो. तरीही संग्राहकांच्या पदरी येणारी बहुतेक निराशा साठा खरोखर संपल्यामुळे येत नाही. ती चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या वेळी किंवा अपुऱ्या तयारीनिशी शोध घेतल्यामुळे येते, आणि म्हणूनच ती टाळता येण्याजोगी आहे.

पहिली चूक म्हणजे घराजवळच्या छोट्या टपाल कार्यालयात चौकशी करून तिकीट मिळत नाही असा निष्कर्ष काढणे. स्मारक तिकिटांची विक्री मुख्यतः फिलाटेली (म्हणजे तिकीट संग्रह) ब्युरोंमधून आणि निवडक मुख्य टपाल कार्यालयांतील फिलाटेली काउंटरवरून होते. महाराष्ट्रात मुंबईच्या जीपीओमध्ये (जनरल पोस्ट ऑफिस), पुणे व नागपूर येथे आणि गोव्यात पणजीला असे ब्युरो आहेत. शाखा टपाल कार्यालयातील कर्मचाऱ्याला नव्या तिकिटाची माहिती नसेल, तर तो त्याचा दोष नव्हे. तो साठा त्याच्याकडे येतच नाही. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तिकिटे छापली जातात, म्हणून ती नाशिककरांना आधी मिळत असतील असाही काहींचा समज असतो. पण छापखाना किरकोळ विक्री करत नाही.

दुसरी चूक तारखेची आहे. प्रकाशनाचा समारंभ दिल्लीत झाला म्हणजे त्याच दिवशी सर्व ब्युरोंत साठा पोहोचला असे गृहीत धरू नये, कारण तो वेगवेगळ्या शहरांत मागेपुढे पोहोचतो. दूरच्या गावाहून मुंबईला जाण्यापूर्वी ब्युरोला दूरध्वनी करून तिकीट आले आहे का, मिनिएचर शीट आली आहे का आणि एका व्यक्तीस किती प्रती देत आहेत, हे तिन्ही प्रश्न विचारून घ्यावेत. कित्येक प्रकाशनांची घोषणा अगदी आयत्या वेळी होते. त्यामुळे वार्षिक यादीवर विसंबून न राहता डाक विभागाच्या अधिकृत समाजमाध्यम खात्यांवर नियमित लक्ष ठेवणे आवश्यक आहे. अधिकृत संकेतस्थळावर एखादे तिकीट शिल्लक नाही असे दिसले, तरी देशभरातील साठा संपला असा त्याचा अर्थ होत नाही. दुसऱ्या शहरातील ब्युरोकडे ते अनेकदा सुखरूप असते, आणि चौकशी करणाऱ्याला ते मिळतेही.

या सगळ्या धावपळीवर डाक विभागाने स्वतःच दिलेला उपाय म्हणजे फिलाटेली ठेव खाते, आणि सर्वांत महागात पडणाऱ्या चुका नेमक्या येथेच होतात. किमान दोनशे रुपये भरून हे खाते उघडता येते. त्यानंतर नवी तिकिटे आपल्या मागणीप्रमाणे टपालाने घरी येतात आणि त्यांची किंमत खात्यातून वजा होते. मात्र खाते उघडले की काम संपले असे मानून अनेक जण त्यात किमान रक्कमच ठेवतात. भारतीय चित्रपटसृष्टीच्या शताब्दीनिमित्त ३ मे २०१३ रोजी पाच रुपयांची पन्नास तिकिटे प्रकाशित झाली. तो एक संचच अडीचशे रुपयांचा होता. ज्याच्या खात्यात दोनशे रुपये होते, त्याला पूर्ण संच मिळण्याइतके पैसे खात्यात नव्हतेच. म्हणून शिल्लक रकमेचा तपशील दर दोन-तीन महिन्यांनी मागवावा आणि एखाद्या मोठ्या संचाइतकी रक्कम नेहमी जास्तीची ठेवावी. अर्ज भरतानाही काळजी हवी. सुटी तिकिटे, चारचा ब्लॉक (चार जोडलेली तिकिटे), मिनिएचर शीट, प्रथम दिवस आवरण (नवे तिकीट लावून प्रकाशनाच्या दिवसाचा शिक्का मारलेले पाकीट) आणि माहितीपत्रक यांची मागणी स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. केवळ सुट्या तिकिटांची नोंद केलेल्या खातेदाराला मिनिएचर शीट मिळाली नाही, तर ब्युरोने त्याच्या मागणीचे पालनच केलेले असते. पत्ता बदलल्यास तो लेखी कळवावा. शाळकरी मुलांच्या पालकांसाठी येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते: तिकीट संग्रहाची आवड असलेल्या इयत्ता सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी डाक विभागाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या दीनदयाल स्पर्श योजनेत वर्षाला सहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती आहे, आणि शाळेत फिलाटेली क्लब नसेल तर मुलाच्या स्वतःच्या नावाचे ठेव खाते तेथे चालते.

तिकिटासोबत प्रकाशित होणारे माहितीपत्रक न वाचता बाजूला टाकणे हीदेखील चूकच आहे. त्यात दर्शनी किंमत, छपाईची पद्धत, छापखाना आणि छापलेल्या प्रतींची संख्या दिलेली असते. मिनिएचर शीटची संख्या सहसा सुट्या तिकिटांपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे ती आधी घ्यावी. तसेच कोणी एखादे तिकीट दुर्मीळ म्हणून पाचपट किमतीला देऊ केले, तर ती संख्या पाहून स्वतः निर्णय घ्यावा. लाखोंनी छापलेले तिकीट पहिल्या आठवड्यात खिडकीवर मिळाले नाही एवढ्यावरून ते दुर्मीळ ठरत नाही. प्रकाशनानंतरच्या पहिल्या काही दिवसांत घाबरून केलेली खरेदी मला सर्वांत अनावश्यक वाटते, कारण त्याच काळात ब्युरोंकडे साठा पोहोचत असतो.

मर्यादित आवृत्ती या नावाखाली विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला स्मारक तिकीट समजू नये. २०११ पासून सुरू असलेल्या माय स्टॅम्प योजनेत बारा तिकिटांची शीट तीनशे रुपयांत कोणालाही स्वतःचे छायाचित्र घालून घेता येते. छायाचित्र तिकिटाशेजारच्या जागेत असते आणि तिकीट मात्र ठरलेल्या नमुन्याचे असते. विशेष आवरणाचे, म्हणजे एखाद्या प्रसंगानिमित्त काढलेल्या पाकिटाचे, वैशिष्ट्य त्याच्या चित्रात व शिक्क्यात असते, त्यावरील तिकीट अनेकदा साधेच असते. दोन्ही प्रकार जमवण्यात काहीच गैर नाही, परंतु स्मारक तिकीट म्हणून त्यांना मोठी किंमत देणे योग्य नाही.

खरी दुर्मिळता वेगळी असते, आणि तेथे सावधगिरीही वेगळी लागते. १५ ऑगस्ट १९४८ च्या गांधीजींवरील संचातील दहा रुपयांच्या तिकिटावर गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी ‘सर्व्हिस’ हा शब्द छापून अत्यल्प प्रती काढल्या होत्या. त्यांतील चार तिकिटांची एक पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. साध्या तिकिटावर तोच शब्द नंतर छापून केलेल्या बनावट प्रती बाजारात आहेत, म्हणून मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय असे तिकीट कधीही घेऊ नये.

शेवटी हाताळणीविषयी. खिडकीवरून निघण्यापूर्वी तिकिटांचे दाते, डिंकाची बाजू आणि कोपरे तपासावेत. घरी गेल्यावर सापडलेला दोष सिद्ध करणे अवघड जाते. फेब्रुवारी २०११ मधील गांधीजींचे खादीवर छापलेले शंभर रुपयांचे तिकीट अडीचशे रुपयांच्या सजावटीच्या फोल्डरसह विकले गेले होते. अशा वस्तू मूळ वेष्टनासहच जपाव्यात. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात डिंक ओलावा शोषतो, तिकिटे एकमेकांना चिकटतात आणि तांबूस डाग पडतात. त्यामुळे ती बोटांऐवजी चिमट्याने उचलावीत, तिकिटे ठेवण्याची वही म्हणजे स्टॉकबुक उभे ठेवावे आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. ठेव खात्यावर आलेले पाकीट मिळाल्याच दिवशी उघडून सोबतच्या यादीशी ताडून पाहावे, आणि काही कमी किंवा दुमडलेले आढळल्यास खाते क्रमांक, पाकिटाचे छायाचित्र व यादीची प्रत जोडून ब्युरोला त्वरित लिहावे, कारण बदलून देण्याइतका साठा तेथे फार काळ शिल्लक राहत नाही.