पंप जास्त ओढला गेला तर

पुण्यात दिवाळीचा धूर आणि पहाटेची थंडी एकत्र आली की दम्याच्या पंपाकडे हात वारंवार जातो. या पंपातल्या, श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या एका पफमध्ये साधारण 100 मायक्रोग्रॅम औषध असतं. ते जास्त झालं की आधी बोटं थरथरतात. चहाचा कप बशीवर वाजू लागतो. छाती धडधडते, डोकं दुखतं, मळमळतं. रक्तातलं पोटॅशियम उतरलं तर पाय गळून जातात.

श्वास मोकळा असेल तर पंप थांबवा, रुग्णाला बसवा, चहा-कॉफी देऊ नका. मनगटावर 30 सेकंद नाडी मोजून दुप्पट करा. मोठ्या माणसाची बसूनही 120च्या वर राहिली, ठोके चुकले, छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर 108 लावा. लहान मुलाने खेळताना पंप ओढला असेल तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा. पंप सोबत न्या. काउंटर असेल तर किती पफ गेले ते कळतं.

धडधड थांबवायला घरातली प्रोप्रानोलॉलची गोळी मुळीच देऊ नका, तिने श्वासनलिका आवळतात.

आणि पफवर पफ घेऊनही दम लागतोच आहे? मग खरा धोका दम्याचाच. पंप बंद करू नका, लगेच 108 बोलवा.