सिन्स की फॉर, टिल की बाय? गोंधळाचे इंग्रजी शब्द असे पक्के करा

गोंधळात टाकणाऱ्या दोनशे इंग्रजी जोड्या पाठ करा, असा सल्ला नोकरीची तयारी करणाऱ्या गावाकडच्या पोरांना सर्रास मिळतो. तो मानू नका. पाठ केलेली जोडी मुलाखतीत हमखास उलटी बाहेर पडते. आपली चूक येते कुठून ते आधी पाहा.

स्पेलिंगने फसवणारे शब्द सोपे आहेत. लूझ म्हणजे गमावणे, त्यात ओ एक. लूस म्हणजे सैल, त्यात ओ दोन. असे शब्द वाक्यात घालून हाताने लिहून काढा, विषय संपला.

बॉरो आणि लेंडमध्ये फक्त दिशा बघायची. शेजाऱ्याचा डवरा मागून आणला तर बॉरो, सोबत फ्रॉम. आपला डवरा त्याला दिला तर लेंड, सोबत टू.

खरी गाडी अडते ती 'पासून'वर. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. आपण 'पोळ्यापासून' म्हणतो आणि 'तीन महिन्यांपासून'ही म्हणतो. इंग्रजीत हे दोन वेगळे. कॅलेंडरवर बोट ठेवून सुरुवात दाखवता आली तर सिन्स: सिन्स पोळा, सिन्स २०२१, सिन्स मंडे. किती काळ गेला ते मोजलं असेल तर फॉर: फॉर थ्री मंथ्स. 'सिन्स थ्री इयर्स' कितीही लोकांच्या तोंडून ऐकलं तरी ते चूकच.

दोन ठिकाणी सांभाळा. सिन्स लास्ट इयर बरोबर, कारण गेलं वर्ष ही सुरुवात झाली. पण 'गेली तीन वर्षं' हा मोजलेला काळ, म्हणून फॉर द लास्ट थ्री इयर्स. दुसरं क्रियापदाचं. मराठीत 'तीन वर्षांपासून शिकवतो आहे' म्हणतो, म्हणून पोरं 'आय ॲम टीचिंग' लिहितात. काम आधी सुरू होऊन अजून चालू असेल तर 'आय हॅव बीन टीचिंग' हवं. सिन्स-फॉर बरोबर आणि क्रियापद चुकीचं, असे अर्ज मी ढिगाने तपासले आहेत. म्हणून दोन्ही एकत्रच शिका, वेगवेगळं नको.

'पर्यंत'चीही हीच गत. वावरातली लाइन सहापर्यंत राहील: ती सहा वाजेस्तोवर चालूच आहे, म्हणून टिल सिक्स. मोटर सहापर्यंत दुरुस्त होईल: काम सहाच्या आत केव्हाही एकदाच उरकणार, म्हणून बाय सिक्स. स्वतःला एवढंच विचारा, गोष्ट तोवर चालू राहते की त्याआधी एकदा होऊन जाते?

रोज रात्री दिवसभरातल्या कामांवर अशी चार वाक्यं वहीत लिहा. पऱ्हाटीची फवारणी, बाजार, बसची वेळ, काहीही चालेल. आणि अर्जात ३१ जुलैपर्यंत कागद जमा करतो म्हणायचं असेल, तर तिथे टिल नाही, बायच लिहा.