फोटोच्या संमतिपत्राची तयारी : कार्यक्रमाआधीचे पंधरा दिवस

नवी मुंबईतल्या घणसोलीत आमच्या संस्थेचा रात्रीचा वर्ग चालतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायका आणि त्यांच्यासोबत येणारी मुलं, असा आमचा पट. काही वर्षांपूर्वी आमच्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगते, कारण पुढची सगळी तयारी त्या चुकीतून आली आहे. एका विद्यार्थिनीचा, फळ्यावर गणित सोडवतानाचा फोटो फार सुंदर आला होता. तिने प्रवेश घेताना अर्जावर सही केली होती आणि त्या अर्जाच्या तळाशी, बारीक इंग्रजी अक्षरांत, फोटो वापरायला हरकत नसल्याची एक ओळ होती. आम्ही तो फोटो नव्या प्रवेशाच्या फ्लेक्सवर घेतला. फ्लेक्स स्टेशनाबाहेर लागला. तिच्या सासरी ती संध्याकाळची दोन कामं करून घरी येते एवढंच माहीत होतं. रबाळ्याच्या एमआयडीसीतून परतणाऱ्या दिराने फ्लेक्स पाहिला. ती पुन्हा वर्गात आली नाही, परीक्षेलाही बसली नाही. सही आमच्या फायलीत होती. आपण कशाला हो म्हणतोय, हे मात्र तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून कार्यक्रमाला पंधरा दिवस असताना सुरुवात संमतीच्या फॉर्मपासून करू नका. आधी दोघं-तिघं बसा आणि फोटो नेमके कशाकशाला लागणार ते कागदावर उतरवा. कार्यअहवाल, देणगीदारांना जाणारं पत्र, भिंतीवरचा किंवा चौकातला फ्लेक्स, फेसबुक-इन्स्टाग्राम, वर्तमानपत्रातली बातमी. या प्रत्येक वापराला फॉर्ममध्ये वेगळी ओळ आणि वेगळा हो-नाहीचा चौकोन हवा. अहवालात फोटो चालेल पण फ्लेक्सवर नको, असं म्हणणाऱ्या बायका आमच्याकडे निम्म्याहून जास्त निघाल्या, आणि जुन्या फॉर्मात त्यांना तसं म्हणायला जागाच नव्हती. फोटोखाली नाव छापायचं का, हाही वेगळा प्रश्न. व्हिडिओत आवाज येतो, घरची गोष्ट येते, म्हणून व्हिडिओची ओळ फोटोपासून वेगळी ठेवा. ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ हे शब्द कुठूनतरी उतरवलेल्या मसुद्यात हमखास असतात, ते खोडून टाका. आम्ही दोन वर्षं लिहितो. मुदत संपली की पुन्हा विचारायचं.

कायद्याचं म्हणाल, तर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती, माहिती घेऊन दिलेली आणि कुठल्याही अटीशिवाय असावी असं म्हटलं आहे. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असायला हवं, हेही त्यात आहे. आपली संस्था लहान आहे म्हणून थांबू नका. अठरा महिने मोजत बसण्यापेक्षा फॉर्म आजच बदला.

फॉर्मची भाषा हे दोन-तीन दिवसांचं काम धरा. आमचा पहिला मसुदा ‘मी खाली सही करणार स्वखुशीने लिहून देते की’ असा सुरू व्हायचा. वर्गातल्या एका मावशींनी तो वाचला आणि विचारलं, “ताई, हे खोलीच्या व्यवहाराचे कागद आहेत का?” तेव्हापासून फॉर्म साध्या प्रश्नांचा झाला : तुमचा फोटो आमच्या फेसबुक पानावर टाकला तर चालेल का? तो कुणीही, तुमच्या गावचे लोकसुद्धा, बघू शकतील. एका बाजूला मावेल एवढाच मजकूर, अक्षर मोठं. तुर्भे स्टोअरच्या वस्तीत हिंदी प्रत लागते, मुंब्र्यात काम असेल तर उर्दूही. नव्या कायद्यातही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत मिळण्याची सोय सांगितली आहे. छापायच्या आधी फॉर्म कामाशी संबंध नसलेल्या दोघांना मोठ्याने वाचून दाखवा. जिथे ते अडखळतील ती ओळ बदला.

आता सगळ्यात नाजूक भाग : विचारायचं कधी. वह्या, शाळेचे बूट, शिध्याची पिशवी किंवा चष्मे वाटायच्या रांगेत फॉर्म पुढे केला, तर जवळपास प्रत्येकजण सही करेल. ती सही पिशवीसाठी असते. समोर टेबलावर वस्तू मांडलेली, मागे माणसं खोळंबलेली, आणि विचारणारी तीच ताई जी वस्तू देणार आहे. अशा वेळी नाही म्हणायला फार मोठं धैर्य लागतं आणि गरजू माणसाकडून ते मागण्याचा आपल्याला अधिकार नाही. फॉर्म किमान चार दिवस आधी द्या, घरी नेऊ द्या. सासूला, नवऱ्याला, मोठ्या मुलीला विचारायला वेळ मिळतो. ज्यांना घरी न्यायचाच नाही त्यांनी वर्गातच ठेवावा, त्याचं कारण विचारू नका. शक्य असेल तर फॉर्म गोळा करणारी व्यक्ती आणि वस्तू वाटणारी व्यक्ती वेगळी असू द्या. आणि पहिल्याच वाक्यात सांगा : नाही म्हटलंत तरी वर्ग, वह्या, तपासणी, काहीही थांबणार नाही. हेच वाक्य फॉर्मवरही ठळक छापा. आम्ही हे सुरू केलं त्या वर्षी नकारांची संख्या वाढली. मला त्याचं समाधान वाटलं, कारण आधीचे कितीतरी होकार नुसत्या संकोचाचे होते हे त्यातून कळलं.

मुलांच्या बाबतीत १८ वर्षांखालच्या प्रत्येकासाठी आई-वडिलांची किंवा कायदेशीर पालकाची सही घ्या. सोडायला आलेल्या शेजारच्या काकूंची सही चालत नाही. आईची सही झाली तरी मुलालाही विचारा. दहा-बारा वर्षांच्या मुलीला कॅमेरा नको असेल तर ती मान खाली घालते, तेवढं उत्तर पुरेसं समजा. काही ठिकाणी कितीही सह्या असल्या तरी फोटो काढायचाच नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करता येत नाही. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ मध्ये काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबद्दल तशीच मनाई आहे, म्हणून बालगृहात कार्यक्रम असेल तर कॅमेरा घरीच ठेवा. नुसते डोळे झाकून भागत नाही. गणवेश, शाळेचं नाव, मागची गल्ली यांवरून वस्तीतले लोक मुलाला बरोबर ओळखतात.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना फॉर्म त्यांच्या भाषेत पूर्ण वाचून दाखवायचा, मग अंगठा घ्यायचा आणि शेजारी साक्षीदाराची सही. साक्षीदार संस्थेतला नको, त्यांच्याच ओळखीतला असावा. त्यासाठी शाईचं पॅड आणि अंगठा पुसायला ओलं फडकं आठवणीने ठेवा. निळ्या बोटाने दिवसभर फिरायला कुणालाच आवडत नाही.

फोटोग्राफरशी बोलणं आठवडाभर आधी उरका, आणि तेही लेखी. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन फोटो काढून घेतले तर, वेगळा करार नसल्यास, पहिला हक्क पैसे देऊन फोटो काढायला सांगणाऱ्याचा असतो. ओळखीतल्या मुलाने फुकट काढून दिले तर तो हक्क त्याचाच राहतो. दोन्ही प्रसंगी एका कागदावर लिहून घ्या की हे फोटो तो स्वतःच्या पानावर टाकणार नाही, मूळ फाइली आपल्याला देईल आणि ठरलेल्या तारखेला त्याच्याकडच्या काढून टाकेल. हाच नियम स्वयंसेवकांच्या फोनलाही लावा. आमच्याकडे बहुतेक गोंधळ मोठ्या कॅमेऱ्याने झालेला नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्साहाने टाकलेल्या चार फोटोंनी झाला.

प्रत्यक्ष दिवशी दारात फोटो काढले जाणार असल्याची पाटी लावा, पण पाटी म्हणजे संमती असं धरू नका. गर्दीच्या दूरच्या फोटोपुरती ती ठीक, एकट्या चेहऱ्याला फॉर्म हवाच. नको म्हणणाऱ्यांच्या छातीवर लाल ठिपका लावण्याची सूचना आमच्याकडे आली होती, आम्ही ती लगेच नाकारली. नकार देणाऱ्याला सगळ्यांपुढे वेगळं का पाडायचं? त्याऐवजी बसण्याची एक बाजू कॅमेऱ्यात येणार नाही अशी ठरवा आणि कोण कुठे बसलं आहे हे फोटोग्राफरच्या सोबतीला असलेल्या एका ताईला माहीत असू द्या. प्रत्येक फॉर्मला क्रमांक द्या. एकट्याचा फोटो काढण्याआधी फॉर्मच्या क्रमांकाचा फोटो, लगेच माणसाचा. सहा महिन्यांनी ‘निळ्या साडीतल्या बाई कोण’ हा शोध वाचतो.

बाकी सामान थोडं आहे : वीसेक जास्तीचे फॉर्म, लिहायला पुठ्ठ्याची पॅडं, पेनं, भरलेल्या फॉर्मचा तिथेच फोटो काढून ज्याचा त्याला पाठवायला एक फोन. स्मार्टफोन नसेल त्यांच्यासाठी झेरॉक्स.

कार्यक्रम झाला की फॉर्म कुलूपबंद कपाटात, आणि एका रजिस्टरमध्ये क्रमांक, कशाला होकार, मुदत कधीपर्यंत, एवढं. फॉर्मच्या तळाशी संमती मागे घेण्यासाठी एक फोन नंबर छापा आणि तो संस्थेचाच असू द्या, म्हणजे कार्यकर्ती बदलली तरी चालू राहील. छापून वाटलेला अहवाल परत आणता येत नाही हे आधीच स्पष्ट सांगा. गेल्या पावसाळ्यात त्या नंबरवर एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला, फेसबुकवरचा फोटो काढा म्हणाली. त्याच संध्याकाळी काढला, तिला तसा निरोप दिला, रजिस्टरमध्ये तिच्या क्रमांकापुढे तारीख लिहिली. कारण विचारलं नाही.