जुन्या पिकअपचे डिफरन्शियल आणि इंजिन: खोलण्याआधी आणि खोलल्यानंतर

जुनी पिकअप गॅरेजमध्ये येते तेव्हा मालकाच्या तक्रारी बहुधा दोनच असतात: मागच्या बाजूने आवाज येतो आणि भरलेली गाडी घाट चढताना तापते. मराठवाड्यात या दोन्हींचे मूळ पुष्कळदा इथल्या काळ्या मातीत आणि बोअरच्या पाण्यात सापडते. ते ओळखल्याशिवाय नुसता भाग बदलला, तर नवा भागही त्याच वाटेने जातो. म्हणून पाना हातात घेण्याआधी तपासणीला पुरेसा वेळ द्यावा.

डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेटीचा आवाज कधी येतो, यावरून अर्धे निदान होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर सूं-सूं आवाज बदलत असेल, तर क्राऊन (मोठा दातेरी गिअर) आणि त्याला फिरवणारे छोटे पिनियन यांची जुळणी बिघडली आहे किंवा पिनियनची बेअरिंग गेली आहे, असा संशय घ्यावा. सरळ रस्त्यावर गाडी शांत असून वळणावरच कटकट येत असेल, तर आतले स्पायडर गिअर आणि त्यांचे वॉशर तपासावेत. वेगाबरोबर वाढणारी, पण अ‍ॅक्सिलरेटरने न बदलणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. क्लच सोडताना ‘ठक्’ असा आवाज आला, तर आधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हाताने हलवून पाहावेत. क्रॉस बदलण्याचे काम थोडक्यात होते, आणि ते न पाहता थेट हौसिंग (डिफरन्शियलचे कवच) खोलणे म्हणजे मालकाचा पैसा वाया घालवणे होय.

स्पायडर गिअर का झिजतात, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते आणि दोन चाकांच्या वेगातला हा फरक हेच छोटे गिअर सांभाळतात. एरवी ते जवळजवळ स्थिर असतात, त्यामुळे त्यांना बेअरिंग दिलेले नसते. ते साध्या पिनवर, केवळ तेलाच्या आधाराने फिरतात. पावसाळ्यात शेतरस्त्यावर एक चाक रुतते, दुसरे जागीच गरगरते आणि चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतच राहतो, तेव्हा मोकळे चाक क्राऊनच्या दुप्पट वेगाने फिरते आणि तो सगळा फरक त्या पिनवर येतो. तेलाचा थर तुटतो, पिन निळी पडते आणि वॉशर झिजून त्याचा चुरा तेलात मिसळतो. अशा वेळी इंजिन थांबवून चाकाखाली पऱ्हाट्या, तुराट्या किंवा दगड घालावेत आणि मगच गाडी हळूहळू काढावी, हे चालकाला आवर्जून सांगावे.

हौसिंग खोलायचे ठरले, तर गाडी सपाट जागेवर घ्यावी, पुढच्या चाकांना उटी (गाडी घसरू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावावी आणि मागचा भाग केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर उभा करावा. तेल स्वच्छ भांड्यात काढावे आणि बोटांवर चोळून पाहावे. चुंबकावरची बारीक राखाडी लापशी ही नेहमीची झीज असते. दाताचा तुकडा किंवा बेअरिंगची कपची सापडली, तर मात्र सर्व भाग सुटे करावे लागतात. तेल दुधाळ असेल, तर आत पाणी गेले आहे. तापलेली गाडी ओढ्यातून नेली की हौसिंग एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. ब्रीदर (हौसिंगमधली हवा आत-बाहेर जाण्याचे छिद्र) चिखलाने बुजला असेल, तर हे हमखास घडते. शिवाय तापल्यावर दाब वाढून तेल एक्सलच्या सीलमधून ब्रेक ड्रममध्ये उतरते. नवे सील बसवण्याआधी ब्रीदर साफ करायचा, तो याचसाठी.

सुटे करताना बेअरिंगच्या दोन्ही टोप्यांवर पंचने खुणा कराव्यात, कारण त्या अदलाबदल करून चालत नाहीत. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलावेत. एक जुना आणि एक नवा बसवला, तर आवाज जात नाही आणि दातही लवकर खराब होतात. पिनियनवर दबणारी स्लीव्ह असेल, तर ती प्रत्येक वेळी नवी घ्यावी.

जोडणीत खरे कौशल्य सेटिंगचे आहे. डायल गेजने क्राऊनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजावा. तो अनेक गाड्यांत 0.15 ते 0.20 मिलिमीटरच्या आसपास असतो, परंतु आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. मग तेलात कालवलेला शेंदूर क्राऊनच्या चार-पाच दातांना पातळ लावावा, क्राऊन थोडा अडवून धरत पिनियन फिरवावे आणि उमटलेला ठसा उजेडात पाहावा. ठसा दाताच्या माथ्यावर आला, तर पिनियन क्राऊनच्या जवळ घ्यावे. तो मुळाशी आला, तर दूर न्यावे. ठसा आतल्या टोकाला आला, तर क्राऊन पिनियनपासून थोडा दूर सरकवावा. बाहेरच्या टोकाला आला, तर जवळ आणावा. ठसा दाताच्या मध्यावर येईपर्यंत शिम (पातळ चकत्या) बदलत राहावे. यात अर्धा दिवस गेला तरी तो सत्कारणी लागला, असे मी मानतो. शेंदरात शिसे असते, म्हणून काम संपताच हात साबणाने धुवावेत. तेल जीएल-5 दर्जाचे, पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे, बहुधा 80डब्ल्यू-90 किंवा 85डब्ल्यू-140 घालावे. इंजिनचे उरलेले तेल येथे कदापि वापरू नये.

इंजिनाबाबत आधी धूर पाहावा. काळा धूर आला, तर एअर फिल्टर आणि डिझेल फवारणारे नोझल तपासावेत. गरम इंजिनातून निळा धूर येत असेल, तर तेल जळत आहे. अशा वेळी तेलाचे झाकण उघडून जोराचे भपकारे येतात का ते पाहावे, कारण तसे असेल तर पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडरचे लायनर झिजलेले असण्याची शक्यता मोठी असते. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही टिकला आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत गेले, तर हेड गॅस्केटवर (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीवर) संशय घ्यावा. थंड इंजिन चालू करून रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का, हे पाहिले की खात्री पटते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कोणत्याही कारणाने उघडू नये.

आपल्याकडचे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या वाहिन्यांत साचतो, आणि मग कन्नडच्या औट्रम घाटात किंवा मांजरसुंब्याच्या चढावर भरलेली गाडी तापते. वरून कापसाचे तंतू आणि मळणीचा भुसा जाळीत अडकतो. म्हणून हेड उतरवण्याआधी थर्मोस्टॅट, पंख्याचा पट्टा आणि रेडिएटर पाहावा, आणि जाळी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवावी.

हेड उतरवायचेच असेल, तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि बोल्ट बाहेरून मध्याकडे टप्प्याटप्प्याने सैल करावेत. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) हेडचा बाक मोजावा. बाक मर्यादेबाहेर असेल तर फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणे) करून घ्यावे, मात्र हेडची किमान जाडी सांभाळावी. डिझेल इंजिनात पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो, त्यावरून गॅस्केटची जाडी ठरते. दुकानदाराने दिले ते बसवले, असे करू नये. घट्ट करताना क्रम उलटा, म्हणजे मध्यापासून बाहेर, आणि टॉर्क रेंचनेच. शेवटी कुलिंगमध्ये कूलंट आणि क्षारविरहित पाणी भरावे, हवा काढावी, आणि पहिले काही दिवस गाडी कमी भाराने चालवून तेलाची व पाण्याची पातळी रोज सकाळी थंड इंजिनावर पाहावी. नवे क्राऊन-पिनियन बसवले असल्यास पहिले तेल लवकर बदलून चुंबकावरचा चुरा पुन्हा एकदा तपासावा.